फाट्यावरचे चार सेकंद

नोव्हेंबर लागला की भंडारा जिल्ह्यातले रस्ते धानाने भरून जातात. चुंगड्यांनी लादलेल्या ट्रॉल्या गावातून निघतात, खरेदी केंद्रांकडे आणि राईस मिलांकडे जातात, आणि त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना वाटेत कुठेतरी राष्ट्रीय महामार्ग ५३ ओलांडावाच लागतो. हा महामार्ग गुजरातेतल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जातो. नागपूरहून रायपूरकडे निघालेला ट्रकचालक भंडारा, लाखनी, साकोली ही नावे पाट्यांवर वाचत पुढे सरकतो. त्याच्यासाठी हा सरळ, गुळगुळीत, वेगाचा रस्ता आहे. फाट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यासाठी मात्र तो शेत आणि बाजार यांच्यामध्ये आडवा पडलेला अडथळा आहे.

या दोघांची गाठ जिथे पडते ती जागा म्हणजे चौरस्ता, टी-पॉइंट किंवा डिव्हायडरमधला साधा ‘कट’. वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा येते आणि तिथून पवनीकडे रस्ता फुटतो. गडेगावजवळ अशोक लेलँडचा कारखाना आहे. साकोलीहून एक रस्ता लाखांदूरकडे वळतो. तुमसरच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलाद कारखाना आहे आणि वैनगंगेच्या काठावरून रेतीचे टिप्पर निघतात. अवजड वाहने, शाळकरी मुलांच्या सायकली, एसटी, दुचाकीवर बसलेले तिघांचे कुटुंब आणि बैलगाडी असे सगळे एकाच ठिकाणी, एकमेकांना काटकोनात छेदून जातात.

इथे थोडे गणित करावे लागेल, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. थांबलेली मोटारसायकल सुटून महामार्गाची एक बाजू, म्हणजे साधारण दहा मीटरची पट्टी ओलांडते, तेव्हा तिला जवळपास चार सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला २२ मीटर कापतो. म्हणजे त्या चार सेकंदांत तो जवळजवळ ९० मीटर पुढे आलेला असतो. भरलेल्या ट्रॉलीला हेच अंतर ओलांडायला नऊ-दहा सेकंद लागले, तर ट्रक २०० मीटरपेक्षा जास्त जवळ येतो. आता ट्रकचालकाच्या बाजूने पाहू. समोर काही आडवे आले हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. त्यानंतर भरलेला ट्रक थांबायला आणखी साठेक मीटर लागतात. एकूण ९०-९५ मीटर. रात्री खालच्या झोतावर दिवे असताना तेवढ्या लांबचे स्पष्ट दिसतच नाही, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या धुक्यात तर त्याच्या निम्मेही दिसत नाही.

फाट्यावरच्या माणसाची अडचण याहून वेगळी आहे. त्याला ट्रकचे दिवे दिसतात, पण त्या दिव्यांवरून वेग ओळखता येत नाही. अंधारात थेट आपल्याकडे येणाऱ्या दिव्याचा वेग हेरण्यात माणसाचा डोळा फार कच्चा आहे. ‘अजून लांब आहे’ असे वाटते आणि गाडी पुढे काढली जाते.

जोडलेल्या वाहनांचे तंत्रज्ञान इथेच उपयोगी पडते.

यामागची कल्पना समजायला सोपी आहे. प्रत्येक वाहनात एक छोटे रेडिओयंत्र बसवायचे. उपग्रहावरून मिळालेले आपले ठिकाण, वेग, दिशा आणि ब्रेक दाबला आहे की नाही, एवढी माहिती हे यंत्र सेकंदाला दहा वेळा आसपास प्रसारित करते. आजूबाजूच्या वाहनांतली यंत्रे ती ऐकतात, दोन्ही वाहनांचे मार्ग पुढच्या काही सेकंदांत एकाच जागी छेदणार आहेत का याचा हिशेब करतात आणि तसे असेल तर चालकाला आवाजाने किंवा दिव्याने सावध करतात. संदेश साधारण ३०० मीटरपर्यंत पोहोचतो. ताशी ८० च्या वेगाने ३०० मीटर म्हणजे तेरा सेकंदांहून जास्त वेळ, आणि ट्रक थांबवायला तेवढा वेळ पुरेसा असतो. हा संदेश मोबाइलच्या टॉवरमार्गे जात नाही, वाहनाकडून वाहनाकडे थेट जातो. त्यामुळे रेंज नसलेल्या जंगलपट्ट्यातही तो चालू शकतो. वळणाआडून, उसाच्या किंवा तुरीच्या उभ्या पिकामागून, थांबलेल्या बसच्या पलीकडून येणारे वाहनही त्याला ‘ऐकू’ येते. डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला ते जमत नाही.

नागरिकांच्या मनात येणारी एक शंका इथेच दूर करायला हवी. या संदेशात मालकाचे नाव किंवा गाडीचा क्रमांक नसतो. संदेश खरा आहे हे पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे तात्पुरती असतात आणि ती बदलत राहतात, म्हणजे कोणी एखाद्या गाडीचा माग काढत बसू नये. उलट फास्टॅगचे आहे. तो वाहन ओळखण्यासाठीच आहे. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला आणि गाडीने रस्त्याशी रेडिओवर बोलणे ही गोष्ट भारतीय चालकाच्या रोजच्या सवयीची झाली. मात्र त्याची पोच काही मीटरचीच असते आणि काम पैसे कापण्याचे.

प्रवासी वाहनांना याच्या जवळचे आणखी एक साधन आधीपासून आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण सांगणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झाले. ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून नियंत्रण कक्षाकडे जाते. बस कुठे आहे हे त्यातून कळते, प्रवाशाला मदतही मागता येते. पण फाट्यावरच्या त्या चार सेकंदांत या वाटेने गेलेली माहिती कुणाच्याच कामी येणार नाही, कारण ती चालकापर्यंत परत येईस्तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते.

भंडाऱ्याच्या सर्वांत जवळचा प्रत्यक्ष प्रयोग नागपुरात झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे ‘आयरास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि तिचे ‘आयएनएआय’ हे केंद्र, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका यांनी तो हाती घेतला. उद्दिष्ट मोठे होते, शहरातले अपघात ५० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे. महापालिकेच्या शहर बसगाड्यांच्या समोरच्या काचेवर कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली गेली. पुढच्या वाहनाशी अंतर कमी झाले, बस मार्गिका सोडून सरकली किंवा पादचारी आडवा आला की ती चालकाला इशारा देते.

या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. बस दिवसभर फिरते आणि इशारे कुठे-कुठे दिले गेले याची नोंद जमा होत जाते. त्यातून ‘ग्रे स्पॉट’ शोधता येतात, म्हणजे अशा जागा जिथे अजून माणसे मेलेली नाहीत, पण रोज थोडक्यात वाचत आहेत. सरकारी व्याख्येप्रमाणे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा मृत्यू. ही व्याख्या प्रशासनाला कामाचा क्रम लावून देते हे खरे. पण फाट्यावरच्या गावाला एवढे अपघात होऊन गेल्यावरच न्याय मिळतो. ग्रे स्पॉटचा विचार तो क्रम उलटा करतो. अचानक ब्रेक लागण्याच्या घटना एखाद्या वळणावर वारंवार दिसू लागल्या, तर तिथला डिव्हायडर, झाडी, दिवा किंवा पाटी आधीच दुरुस्त करता येते.

नागपूरच्या यंत्रणेची मर्यादाही समजून घ्यायला हवी. काचेवरचा कॅमेरा समोरचे पाहतो, आडोशामागचे पाहू शकत नाही. रुंद शहरी रस्त्यावर तो उत्तम साथ देतो. काटकोनात, वेगाने, कोपऱ्याआडून येणाऱ्या वाहनासाठी मात्र वाहनांचे आपसांत बोलणेच लागते.

ते बोलणे भारतात प्रत्यक्ष करून दाखवले गेले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आयआयटी हैदराबाद, सुझुकी, मारुती सुझुकी आणि विसिग नेटवर्क्स यांनी एकत्र प्रात्यक्षिक दिले. रुग्णवाहिका येत असल्याची, चुकीच्या दिशेने गाडी येत असल्याची, पादचाऱ्याची, मोटारसायकलची आणि खराब रस्त्याची सूचना त्यात होती. ही यादी वाचताना लक्षात येते की ती आपल्याच रस्त्यांकडे पाहून केलेली आहे. राँग साइडने येणारी दुचाकी हा विषय युरोपच्या यादीत इतका वर कधी आला नसता. साकोली-लाखनीच्या सर्व्हिस रोडवर तो रोजचा आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये आयआयटी हैदराबादच्या आवारात ‘तिहान’ ही स्वयंचलित वाहनांची चाचणीभूमीही सुरू झाली.

धोरणाच्या पातळीवर हालचाल त्यानंतर झाली. वाहनांच्या आपसांतल्या संवादासाठी ५.८७५ ते ५.९०५ गीगाहर्ट्झ हा ३० मेगाहर्ट्झचा पट्टा देण्याची आणि ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने वाहनांत आणण्याची घोषणा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२६ मध्ये केली.

अमेरिकेचा अनुभव इथे डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. तिथे १९९९ मध्येच वाहनांसाठी रेडिओलहरींचा पट्टा राखून ठेवला गेला. २०१२ मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बर शहरात सुमारे तीन हजार वाहनांवर मोठी चाचणी सुरू झाली. २०१४ मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने अंदाज मांडला की चौकात छेदणाऱ्या वाहनाची आणि समोरच्या वाहतुकीला छेदून वळण्याच्या धोक्याची अशा दोनच सूचना सर्व वाहनांत आल्या, तर वर्षाला ५ लाख ९२ हजारांपर्यंत टकरी टळू शकतील आणि १,०८३ पर्यंत जीव वाचतील. तरीही सक्तीचा नियम झाला नाही. कोणती रेडिओपद्धत वापरायची यावर वाद चालत राहिला, २०२० मध्ये राखीव पट्ट्याचा मोठा भाग वाय-फायसाठी काढून घेतला गेला आणि २०१६च्या अखेरीस मांडलेला सक्तीचा प्रस्ताव २०२३ मध्ये औपचारिकपणे मागे घेण्यात आला. तंत्र तयार असूनही निर्णयावाचून जवळजवळ पाव शतक गेले.

त्यामागे एक गणिती कारणही आहे आणि भंडाऱ्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे. धोका टळायचा तर टक्कर होऊ पाहणाऱ्या दोन्ही वाहनांत यंत्र हवे. शंभरातल्या दहा वाहनांत यंत्र असेल, तर फाट्यावर समोरासमोर येणाऱ्या दोघांकडेही ते असण्याची शक्यता शंभरात फक्त एक. तीस वाहनांत असेल तरी शंभरात नऊ. नवी महाग मोटार आधी जोडली जाईल, पंधरा वर्षे जुना ट्रॅक्टर सर्वांत शेवटी, आणि बैलगाडी कधीच नाही.

देशातले आकडे काय सांगतात? २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतली ७४,८९७ म्हणजे ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू झाले. एकूण मृत्यूंपैकी ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर झाले, आणि हे महामार्ग देशाच्या एकूण रस्त्यांच्या लांबीत दोन टक्क्यांच्या आसपासच भरतात. ज्यांना मरणाचा धोका सर्वाधिक आहे, त्यांच्याजवळ जोडलेले वाहन यायला सर्वाधिक वेळ लागणार आहे. मोटारींपासून सुरुवात करून हळूहळू खाली झिरपत येणारी योजना म्हणूनच भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला पुरणार नाही. इथे आधी फाटा जोडला पाहिजे, मग गाड्या.

फाटा जोडायचा म्हणजे काय, याची उत्तरे जगात तयार आहेत. जपानमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे उजवीकडे वळणे हेच तिथलेही सर्वांत जोखमीचे काम. टोयोटाने २०१५ मध्ये ‘आयटीएस कनेक्ट’ नावाची यंत्रणा विक्रीच्या मोटारींत आणली. ती ७६० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. काही चौकांत रस्त्याकडेला संवेदक बसवलेले आहेत. ते समोरून येणारे वाहन आणि रस्ता ओलांडणारा पादचारी टिपतात आणि वळू पाहणाऱ्या मोटारीला कळवतात. समोरच्या वाहनात किंवा पादचाऱ्याच्या खिशात काहीही नसले तरी चालते. त्याच्या वतीने खांब बोलतो.

याहून साधी रीत अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांच्या ग्रामीण चौरस्त्यांवर आहे. लहान रस्त्यावर वाहन आले की जमिनीतला किंवा खांबावरचा संवेदक ते ओळखतो आणि मोठ्या रस्त्यावर बऱ्याच आधी लावलेल्या पाटीवरचे दिवे लुकलुकू लागतात: पुढे वाहन रस्त्यावर येत आहे. न्यूझीलंडने २०१२ पासून अशाच चौरस्त्यांवर एक पाऊल पुढे टाकले. बाजूच्या रस्त्यावर वाहन दिसताच मुख्य रस्त्यावरची वेगमर्यादाच तेवढ्या वेळापुरती खाली येते आणि विजेच्या पाटीवर नवा आकडा उमटतो. वाहन निघून गेले की मर्यादा पुन्हा पूर्ववत. ट्रकचालकाला दिवसभर विनाकारण हळू चालायला सांगितले जात नाही, त्यामुळे जेव्हा सांगितले जाते तेव्हा तो ऐकतो. गतिरोधकांनी भरलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या आपल्या चालकांसाठी या विचारात बरेच काही आहे.

भारतातही रस्त्याकडेच्या बोलक्या खांबांचा प्रयोग झाला आहे. २०१७ मध्ये जम्मू-श्रीनगर महामार्गावरच्या हेअरपिनसारख्या वळणांवर हिंदुस्थान पेट्रोलियमच्या वंगण विभागाने आणि लिओ बर्नेट या जाहिरात संस्थेने खांबांच्या जोड्या उभ्या केल्या. एका बाजूचा खांब येणाऱ्या वाहनाचा वेग मोजतो, दुसऱ्या बाजूच्या खांबाला कळवतो आणि तो भोंगा वाजवून समोरच्याला सावध करतो. वाहनात काही बसवावे लागले नाही. डोंगरातल्या आंधळ्या वळणाला जे लागू पडले ते सपाट मुलखातल्या आंधळ्या फाट्याला लागू न पडण्याचे कारण नाही. अशाच खांबावर पुढे रेडिओयंत्र चढवले की तो जोडलेल्या गाड्यांनाही तीच खबर देऊ लागेल. आज दिव्याने, उद्या रेडिओने, आणि दोन्हींसाठी खांब एकच.

यात एक धोका आहे आणि तो आधीच मान्य करून आराखडा केला पाहिजे. दिवा लुकलुकत नाही याचा अर्थ चालक ‘रस्ता मोकळा’ असा घेऊ लागतो. बॅटरी चोरीला गेली, सौर पट्टीवर धूळ बसली, पावसाळ्यात संवेदक बंद पडला, तर तोच खांब माणसाला फसवेल. म्हणून यंत्रणा बिघडली की ती बिघडल्याचे पाटीवर आणि नियंत्रण कक्षात आपोआप कळले पाहिजे, आणि देखभालीचे पैसे उभारणीच्या निविदेतच बांधलेले असले पाहिजेत. उद्घाटनानंतर दोन वर्षांत मुके झालेले सिग्नल विदर्भातल्या अनेक गावांनी पाहिले आहेत.

आणि कोणताही खांब वाईट आखणीची भरपाई करू शकत नाही. लाखनी आणि साकोलीत उड्डाणपूल झाले, भंडारा शहराला वळसा घालणारा बायपास झाला. जिथे दोन रस्ते एकमेकांना छेदतच नाहीत, तिथे काटकोनातली टक्कर होऊच शकत नाही. याहून खात्रीचा उपाय नाही. पण प्रत्येक फाट्यावर उड्डाणपूल होणार नाही, आणि नव्या बायपासला गावरस्ते येऊन मिळतात तिथे नवे फाटे तयार होतातच. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. रस्ता इतक्या वेगाने बांधू शकणाऱ्या यंत्रणेला चौरस्त्यावर दिवा, रम्बल पट्ट्या, कापलेली झुडपे आणि दिसेल अशी पाटी लावणे अवघड नाही.

कुठून सुरुवात करायची हेही कळू शकते. आयआयटी मद्रास आणि एनआयसी यांनी उभारलेली अपघात नोंदींची राष्ट्रीय संगणकप्रणाली ज्या सहा राज्यांत आधी सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पोलीस अपघाताच्या जागेवर उभे राहून मोबाइलवर तपशील भरतात, ठिकाण आपोआप नोंदले जाते. या नोंदी आणि नागपूरच्या धर्तीवर एसटीच्या बसगाड्यांतून मिळणारे अचानक ब्रेकचे ठिकाण एकत्र ठेवले, तर कोणत्या फाट्यावर आधी खांब हवा हे कोणाच्या शिफारशीवाचून ठरवता येईल. एसटी जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक फाट्यावर थांबते. पाहणीसाठी तिच्याहून चांगले वाहन जिल्ह्यात नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते आणि पोलीस, परिवहन कार्यालय, बांधकाम विभाग तिच्यात बसतात. फाट्यावरच्या गावांनी आपली मागणी तिथवर न्यावी. ग्रामसभेच्या ठरावात फाट्याचे नाव, जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा, दिवसातल्या कोणत्या वेळी रस्ता ओलांडणे कठीण जाते आणि गेल्या वर्षात तिथे कितीजण थोडक्यात वाचले, हे सारे लिहावे. बंद दिवा, पडलेली पाटी, डिव्हायडरमधला बेकायदा कट दिसला तर राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या क्रमांकावर चोवीस तास तक्रार नोंदवता येते. धानाचा हंगाम सुरू होण्याआधी हे करावे.